आलेख सरळ आला, तरी थांबा

चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीत झिंक ऑक्साइडची ओळख ग्लेझमुळे आहे. ग्रामोदय संघाने या गावाला सिरॅमिकचं नाव मिळवून दिलं, आणि झिंक ऑक्साइड ग्लेझमध्ये पडतं. मी ज्या थरावर काम करते तो मात्र काही दहा नॅनोमीटर जाडीचाच, सेंद्रिय सौरघटातला. प्रकाशाने मोकळे झालेले इलेक्ट्रॉन काचेवरच्या आयटीओ या पारदर्शक इलेक्ट्रोडपर्यंत पोचवायचे, एवढंच त्याचं काम.

झिंक ॲसिटेट मेथॉक्सीइथॅनॉलमध्ये विरघळवायचं, स्पिन करायचं, साधारण 200 अंशांवर भाजायचं. (हा द्रावक प्रजननसंस्थेला घातक आहे. फ्यूम हूडबाहेर बाटली उघडूच नका.) पहिल्या मोजणीत करंट-व्होल्टेजच्या आलेखाला अनेकदा इंग्रजी एससारखा बाक येतो, कारण पृष्ठभागाला चिकटलेला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन धरून ठेवतो. अतिनील प्रकाश दिला की तो ऑक्सिजन सुटतो, आलेख सरळ होतो, सगळ्यांचे चेहरे खुलतात.

पुढे काय होतं ते मी पाहिलंय. तेच घट दिव्याखाली ठेवले की उतरत जातात. अतिनील शोषून झिंक ऑक्साइड उत्प्रेरक बनतं आणि वर बसलेल्या आयटीआयसीसारख्या नव्या, फुलरीन नसलेल्या रेणूतला कार्बन-कार्बन दुहेरी बंध तोडतं. ज्या प्रकाशाने थर सुधारतो, त्याच प्रकाशात शेजारचा थर मरतो. चंद्रपूरच्या उन्हात घट लावायचा असेल तर हे आधीच ध्यानात घ्यायला हवं.

म्हणून एका वेळच्या घटांचे तीन गट करा: अंधारातला, अतिनील गाळलेल्या प्रकाशातला आणि पूर्ण प्रकाशातला. फक्त तिसरा उतरला, तर संशय पहिल्यांदा ऑक्साइडवर घ्या. 400 नॅनोमीटरखालचं गाळणारी फिल्म लावली तर करंट थोडा घटतो. तो घटू द्या. टिन ऑक्साइडचा बँड गॅप मोठा, त्याचा हा उपद्रव कमी, म्हणून मला तेच बरं वाटतं.

ऑक्साइड आणि सेंद्रिय थराच्या मधे पीईआयई या पॉलिमरचा पातळ लेप देण्याचा सल्ला हमखास मिळतो. 2012 पासून तो लोकप्रिय आहे, पण त्यातले अमाइन गट या नव्या रेणूंशी स्वतःच अभिक्रिया करतात. फुलरीनच्या काळातली कृती जशीच्या तशी उचलू नका. आणि जुलै-ऑगस्टमध्ये थर दिला असेल तर वहीत तापमानाशेजारी खोलीतली आर्द्रताही लिहा. एप्रिलच्या घटाशी तुलना करताना तो आकडा लागतोच.