घरच्या शेतातील रोजगार

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील लाखो शेतकरी खडी फोडण्याच्या कामावर गेले. मागेल त्याला काम देणारी रोजगार हमी योजना याच काळात आकाराला आली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. मजुरीने चूल पेटली, पण रस्ता पुरा झाला की काम संपे. घरचे शेत मात्र तसेच पडून राही.

१९९० साली शासनाने या योजनेला फळबाग लागवडीची जोड दिली. अल्पभूधारकाने आपल्याच जमिनीत खड्डे घ्यावेत, कलमे लावून ती जगवावीत आणि त्या श्रमाची मजुरी शासनाने द्यावी, अशी ही रचना होती. कोकणात आंबा व काजू, तर कमी पावसाच्या प्रदेशात बोर, सीताफळ, डाळिंब लावले गेले. कलमाला फळ धरेपर्यंत काही वर्षे जातात. तेवढा काळ तग धरणे गरीब कुटुंबाला कठीण असते आणि खरी मदत हवी असते ती तेव्हाच.

२०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार देशातील सुमारे ८६ टक्के शेतखाती दोन हेक्टरांहून लहान आहेत. त्यांना ही वाट उपयोगी आहे. ज्याच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही, त्याच्या वाट्याला मात्र दुसऱ्याच्या बागेतील रोजंदारीच येते.