ऑनलाइन पाठ व शिक्षकाचा जिव्हाळा

अध्यापन म्हणजे केवळ माहितीची ने-आण नव्हे, हे आपण सर्वांनी अध्यापक विद्यालयात शिकलेले तत्त्व आहे. वर्गात ते सहज पाळले जाते. मूल दारातून आत आले की ते उपाशी आहे काय, घरी काही बिनसले आहे काय, हे शिक्षकाला त्याच्या चेहऱ्यावरून उमजते. आणि त्याप्रमाणे तो आपला प्रश्न सौम्य करतो अथवा क्षणभर थांबतो. पाठ मोबाइलवरून जाऊ लागला म्हणजे मात्र ही नजरभेट नाहीशी होते. तिची उणीव कशाने भरून काढावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

विषयाची आवश्यकता

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे राज्यातील शाळा बंद झाल्या. त्याच वर्षी राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला मोबाइलद्वारे घरोघर पोहोचविली, तर जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. आपल्या जिल्ह्यापुढे त्या वर्षी दुहेरी संकट होते. ३ जून रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने मंडणगड व दापोली तालुक्यांत घरांची छपरे उडाली, विजेचे खांब पडले आणि अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. जेथे मोबाइलला वीजच नाही तेथे पाठ कोठून पोहोचणार?

साथ ओसरली, शाळा पुन्हा भरल्या; परंतु हा प्रश्न संपला असे समजू नये. अतिवृष्टीचा इशारा मिळताच शाळांना सुट्टी द्यावी लागते. दरड कोसळते, साकव पाण्याखाली जातो. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीच्या पुराने चिपळूणची झालेली दशा आपण जाणतोच. अशा दिवसांत शिक्षकाच्या हाती मोबाइल हेच साधन उरते. ते योग्य रीतीने वापरता येणे हा आता आपल्या कामाचाच भाग आहे.

मूळ तत्त्व

व्हॉट्सअॅपवर दोन निळ्या खुणा उमटल्या म्हणजे कोणी तरी संदेश उघडला, एवढेच सिद्ध होते. मुलाला तो समजला की नाही, हे त्यावरून कळत नाही. उत्तम चित्रफीत हजारो मुलांना एकाच वेळी पाहता येते. परंतु चुकलेल्या मुलाला ‘तू येथपर्यंत बरोबर आला होतास’ असे ती सांगू शकत नाही. ते काम त्याच्या शिक्षकाचेच. म्हणून दूरच्या पाठात पाठविण्यापेक्षा उत्तर ऐकण्याला व त्या उत्तराला उत्तर देण्याला अधिक महत्त्व द्यावे.

दूर असूनही जवळीक साधता येते, याचा दाखला आपल्याच जिल्ह्यात जन्मलेल्या एका शिक्षकाने घालून दिला आहे. पालगडचे साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिक्षक असताना वसतिगृहातील मुलांसाठी स्वहस्ते दैनिक लिहून काढीत. पुढे सुधा या पुतणीला त्यांनी लिहिलेली पत्रे ‘सुंदर पत्रे’ या नावाने प्रसिद्ध झाली. पत्र एका व्यक्तीस उद्देशून असते. वाचणाराला ‘हे माझ्यासाठी लिहिले आहे’ असे वाटते. आपला मोबाइलवरील पाठही पत्रासारखा असावा, जाहिरनाम्यासारखा नसावा.

नमुना पाठ

इयत्ता तिसरी. विषय : गणित. घटक : गुणाकाराची मांडणी. साहित्य : चोवीस रातांब्याच्या बिया, चिंचोके अथवा खडे.

शिक्षकाने स्वतःच्या आवाजात, दोन मिनिटांहून अधिक नाही, असा संदेश द्यावा : “मुलांनो, चोवीस बिया घ्या. त्यांच्या सारख्या रांगा लावा. एकही बी उरता कामा नये. किती रांगा झाल्या आणि एकेका रांगेत किती बिया आल्या, ते मला तुमच्या आवाजात सांगा.” येथे उत्तर सांगून टाकू नये.

आता उत्तरे येऊ लागतील. एक मूल चार रांगांत सहा-सहा बिया मांडील. त्याला म्हणावे, “छान. आता जागेवरून उठ, बाजूला जाऊन बस आणि त्याच बियांकडे पाहा. आता रांगा किती दिसतात?” बिया न हलविता त्याला सहा रांगा व प्रत्येकीत चार बिया दिसतील, चार सक चोवीस आणि सहा चोक चोवीस यांतील नाते त्याला स्वतःच्या डोळ्यांनी कळेल. दुसरे मूल सांगेल, “पाच रांगा झाल्या, प्रत्येकीत चार, पण चार बिया उरल्या.” त्याला ‘चूक’ असे म्हणू नये. “उरलेल्या चार बिया तू लपविल्या नाहीस, हे फार चांगले केलेस. त्या चारांचे काय करता येईल?” एवढेच विचारावे. ते मूल आपण होऊन सहावी रांग लावील.

दुसऱ्या दिवशी २ × १२, ३ × ८, ४ × ६ अशा सर्व मांडण्या गटावर द्याव्यात व त्या कोणी शोधल्या, त्यांची नावे घ्यावीत. आपले नाव गुरुजींच्या किंवा बाईंच्या तोंडून ऐकणे, हे दूर बसलेल्या मुलाला मोठे पाथेय असते.

पाळावयाच्या गोष्टी

१. शाबासकी सर्वांसमोर द्यावी. दुरुस्ती त्या मुलापाशी एकट्याने करावी. गटावर आलेली चूक साऱ्या वाडीला दिसते, आणि एकदा हसे झालेले मूल पुन्हा बोलत नाही.

२. वेळ घराच्या सोयीने ठरवावी. पुष्कळ घरांत वडील मुंबईस असतात व मोबाइल आईजवळ असतो. लावणीच्या दिवसांत ती दिवसभर शेतात असते. तेथे दिवेलागणीनंतरची वेळच योग्य होय.

३. मुलाने वाडीच्या बोलीत उत्तर दिले तर ते आधी स्वीकारावे. प्रमाण शब्द आपल्या उत्तरात सहज येऊ द्यावा.

४. पडद्यासमोरचा काळ मर्यादित असावा. केंद्र शासनाच्या जुलै २०२० मधील ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचनांत पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांचे दोनपेक्षा अधिक वर्ग नसावेत, असे सांगितले आहे. बियांसारखे काम दिले म्हणजे मुलाची नजर पडद्यावरून आपोआप उतरते.

५. पालकांच्या संमतीवाचून मुलांची छायाचित्रे गटावर टाकू नयेत.

वेळेचा हिशोब

दोन शिक्षकी शाळेत एवढे कसे जमावे, अशी शंका येईल. वर्गात वीस मुले असतील तर रोज पाच मुलांना प्रत्येकी दोन मिनिटे द्यावीत. दहा मिनिटांत दिवसाचे काम होते व चार दिवसांत प्रत्येक मुलाशी एकदा बोलणे होते. एका वहीत नावे लिहून पुढे तारीख व एक ओळीची नोंद ठेवावी. त्या वहीतील कोरी राहिलेली जागा फार बोलकी असते. ज्या मुलाचे उत्तर आठवडाभर आले नाही, त्याच्यासाठी आणखी एक चित्रफीत पाठवून उपयोग नाही. त्याच्या घरी साधा फोन करावा, शेजारच्या मुलाबरोबर हाताने लिहिलेली चिठ्ठी द्यावी, आणि वाट मोकळी होताच स्वतः जाऊन यावे.

१९४५ मध्ये बोर्डी येथे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी काम सुरू केले तेव्हा मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हा विचार त्यांनी प्रत्यक्षात आणला. पुढे गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही भरविल्या. मोबाइल हे त्याच वाटेवरचे एक नवे वाहन आहे. त्याच्याबरोबर शिक्षकही मुलापर्यंत पोहोचला पाहिजे, एवढी दक्षता आपण घ्यावी.

केंद्राच्या शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या वर्गातील किती मुलांच्या घरी दिवसा मोबाइल नसतो? त्यांच्यासाठी आपण कोणती योजना केली आहे?
२. वरील नमुन्याप्रमाणे घरातील वस्तू वापरून भाषा विषयाचा एक पाठ तयार करा.
३. एखाद्या मुलाच्या चुकलेल्या उत्तराला आपण कोणते उत्तर द्याल, ते शब्दशः लिहून आणा.