प्लेगची लस : गुण किती आणि सक्ती किती?

विद्यार्थी मित्रांनो, २०२० साली करोनाची साथ आली तेव्हा तुमच्यापैकी बरेच जण प्राथमिक शाळेत असाल. घरातल्या मोठ्या माणसांचे वाद तुम्ही ऐकलेच असतील. एक म्हणे, लस घेतलीच पाहिजे. दुसरा म्हणे, माझ्या अंगात काय टोचायचे ते मी ठरवीन. एकाला टाळेबंदी आवश्यक वाटे, तर दुसरा विचारी, की हातावर पोट असलेल्याने काय करावे? वादाचा आवाज चढत जाई आणि शेवटी कोण कशाबद्दल बोलत आहे तेच कळेनासे होई.

याचे कारण असे, की या वादात दोन निरनिराळे प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. लशीचा गुण येतो का, हा पहिला. सरकारने सक्ती करावी का, हा दुसरा. हे दोन प्रश्न सुटे कसे करायचे ते आपण एका जुन्या साथीवरून पाहू. ती साथ आपल्याच मुंबई-पुण्यात आली होती.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात माणसे तापाने पटापट मरू लागली. जांघेत किंवा काखेत गाठ येई आणि चार-सहा दिवसांत खेळ आटोपे. हा गाठीचा ताप म्हणजे प्लेगच होय, हे डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी ओळखले. प्लेगचा जंतू दोनच वर्षांपूर्वी, १८९४ साली, हाँगकाँगमध्ये येर्सिन यांना सापडला होता. जंतू माहीत झाला होता. तो एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो कसा, हे मात्र माहीत नव्हते. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचे फार काम पडणार आहे.

ऑक्टोबरमध्ये वाल्डेमार हाफकिन मुंबईला आले. ओडेसा शहरात जन्मलेले आणि पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केलेले हे शास्त्रज्ञ त्यापूर्वी कॉलऱ्याची लस घेऊन हिंदुस्थानात आले होते. ग्रँट मेडिकल कॉलेजात मिळालेल्या थोड्याशा जागेत त्यांनी प्लेगचे जंतू मांसरसात वाढवायला सुरुवात केली. त्या रसावर ते साजूक तुपाचे थेंब सोडीत. तरंगणाऱ्या थेंबांना धरून जंतूंचे पुंजके झुंबरासारखे खाली लोंबत वाढत. बाटली हलवली की पुंजके गळून तळाशी बसत आणि वर नवे धरू लागत. अशी भरपूर वाढ झाली, की सारा रस सुमारे ६५ अंश सेल्सिअसला तासभर तापवून जंतू मारीत. मेलेला जंतू रोग करू शकत नाही. पण आपले शरीर त्याची ओळख करून घेते आणि पुढे जिवंत जंतू आला तर त्याच्याशी लढायला तयार राहते. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली, आणि तीही नंतर लोकांसाठी ठरलेल्या मात्रेच्या तिपटीहून जास्त! ताप आला, अंग दुखले आणि ते बरे झाले.

पण शास्त्रज्ञ बरा झाला म्हणजे लशीचा गुण सिद्ध झाला असे नव्हे. त्यावरून फार तर एवढेच कळते, की लस टोचल्याने तो माणूस मेला नाही. गुण मोजायचा तर दोन सारखे गट हवेत : एक टोचलेल्यांचा, दुसरा न टोचलेल्यांचा. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला आणि तशी संधी मिळाली. तेथे सर्वांचे अन्न तेच, कोठड्या त्याच. सुमारे दीडशे कैद्यांनी टोचून घेतले. त्यांहून थोड्या अधिक कैद्यांनी नाही. न टोचलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला व ६ मेले. टोचलेल्यांपैकी दोघांना झाला आणि त्यांतला कोणीही मेला नाही. टोचण्याच्या वेळीच ज्यांच्या अंगात रोग शिरला होता, त्यांना या हिशेबातून वगळले होते. हे वगळणे योग्य की अयोग्य, याचा वर्गात जरूर विचार करा. (तुरुंगातल्या माणसाने दिलेल्या संमतीला खरोखर संमती म्हणावे का, ही शंका आज कोणीही काढील. आजचे नियम याबाबतीत फार कडक आहेत.)

याहून चांगला प्रयोग १८९८ साली वडोद्याजवळच्या उंडेरा गावात झाला. शहरात टोचून घेणारा बहुधा बऱ्या घरात राहणारा, स्वच्छ राहू शकणारा असे. तो वाचला तर लशीमुळे की घरामुळे, हे कसे सांगणार? म्हणून उंडेऱ्यात हाफकिन यांनी प्रत्येक कुटुंबातल्या सुमारे निम्म्या माणसांना टोचले आणि निम्म्यांना नाही. घर एक, चूल एक, उंदीरही तेच! पुढे ज्या २८ कुटुंबांत प्लेग शिरला, त्यांत न टोचलेली माणसे ६४ होती; त्यांतली २६ मेली. टोचलेली ७१ होती. त्यांतली ३ मेली. हा हिशेब शिक्षकांनी फळ्यावर मांडावा. न टोचलेल्यांत शेकडा सुमारे ४१ मेले, टोचलेल्यांत शेकडा सुमारे ४. लस नसती तर ७१ पैकी २९ जण मेले असते असे धरावे लागेल, मेले तीन. लशीला गुण होता. तो पूर्ण नव्हता, काही महिनेच टिकत असे, आणि टोचल्यावर ताप येई. पण गुण होता.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे मोजून मिळाले. आता दुसरा प्रश्न.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी सरकारने साथरोगांचा कायदा केला. त्याने अधिकाऱ्यांना जवळजवळ अमर्याद अधिकार दिले. पुण्यात वॉल्टर रँड हा मुलकी अधिकारी प्लेग समितीचा प्रमुख झाला आणि मार्चपासून गोरे सोजीर घरोघर फिरू लागले. रोगी शोधून इस्पितळात न्यायचा, घरच्यांना वेगळ्या छावणीत ठेवायचे, कपडे व सामान जाळायचे, घर धुवून काढायचे. सोजीर स्वयंपाकघरात, देवघरात शिरत. बायकांना बाहेर काढून परके पुरुष गाठ आहे का ते तपासत. इस्पितळात गेलेला माणूस क्वचितच परत येई, त्यामुळे लोक रोगी लपवू लागले. रोगी लपला, की मोजणीच चुकते. आणि मोजणी चुकली, की साथ कोठे आहे हेही कळत नाही.

रोग्यांना वेगळे ठेवण्याला टिळकांचा विरोध नव्हता. त्यासाठी त्यांनी पुण्यात हिंदूंसाठी इस्पितळ काढण्यात पुढाकार घेतला. त्यांची टीका होती ती अंमलबजावणीच्या रीतीवर. सावित्रीबाई फुले मात्र या वादाच्या एका बाजूला राहून रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. मुलगा डॉ. यशवंत याच्या दवाखान्यात काम करता करता त्यांनाच प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या वारल्या. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. त्या रात्री आयर्स्ट हा दुसरा अधिकारी जागीच ठार झाला, तर रँड ३ जुलैला मेला. पुढे चापेकर बंधूंना फाशी झाली.

मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट आता आठवा. प्लेग पसरतो कसा? पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ साली कराचीत दाखवून दिले, की मेलेल्या उंदराच्या अंगावरून उडालेली पिसू माणसाला चावते आणि प्लेग देते. फारच थोड्यांचा त्यावर विश्वास बसला. १९०५ नंतर मुंबईतच झालेल्या प्रयोगांनी ते पक्के केले. म्हणजे १८९७ साली सोजीर माणसे शोधीत होते आणि प्लेग उंदरांबरोबर जमिनीखालून हिंडत होता! माणसाला घरातून ओढून नेल्याने घरातल्या पिसवा कमी होत नाहीत. एवढी जबरदस्ती झाली, पण तिच्यामागचे ज्ञान अपुरे होते. फुप्फुसाचा प्लेग खोकल्यातून पसरतो, तेथे विलगीकरणाचा उपयोग आहे. पण मुंबई-पुण्याची साथ मुख्यतः गाठीच्या प्लेगची होती.

लशीच्या सक्तीबद्दलही हाच प्रश्न विचारायला हवा : लस कोणाला वाचवते? गोवर एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो. तुम्ही गोवराची लस घेतली, तर शेजारचे तान्हे बाळही काही अंशी वाचते. गाठीच्या प्लेगचे तसे नाही. तुम्ही टोचून घेतले तर तुम्ही वाचाल. शेजाऱ्याला चावणारी पिसू उंदरावरून येणार, तुमच्यावरून नव्हे. तेव्हा ‘शेजाऱ्यासाठी टोचून घे’ असे म्हणून सक्ती करायला येथे आधार फार कमी उरतो. सरकारने टोचणीची सर्वांवर सक्ती केली नाहीच, आणि १८९८ नंतर तपासणीची जबरदस्तीही हळूहळू सैल केली. त्यामागे हे शास्त्र नव्हते. होती ती दंग्यांची धास्ती. मात्र टोचल्याचा दाखला असणाऱ्याला काही बंधनांतून सूट मिळे. मन वळवण्याचे काम इतरांनी केले. तिसरे आगाखान यांनी चारचौघांत टोचून घेतले आणि त्यांच्या खोजा समाजातले हजारो लोक पुढे आले.

विश्वास असा जमत असताना ३० ऑक्टोबर १९०२ रोजी घात झाला. पंजाबातल्या मुल्कोवाल गावी (ते आज पाकिस्तानात आहे) त्या दिवशी १०७ जणांना टोचले. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मेले, आणि ते सगळे एकाच बाटलीतून टोचलेले होते! बाकीच्या बाटल्यांची माणसे सुखरूप राहिली. पंजाबातली मोहीम कोसळली आणि हाफकिन यांना कामावरून दूर केले गेले. जंतू मुंबईच्या प्रयोगशाळेत शिरले की गावात बाटली उघडताना? तेथल्या मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. शिवाय धनुर्वाताचे जंतू बंद बाटलीत बरेच दिवस वाढले असते, तर ती उघडताच घाण वास आला असता. तसा वास कोणालाच आला नव्हता. रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी हा मुद्दा लावून धरला तेव्हा कोठे १९०७ साली हाफकिन दोषमुक्त झाले. मरणाऱ्या १९ जणांच्या गावाला ‘लस चांगली आहे’ हे कोणत्या तोंडाने सांगायचे, हा प्रश्न तरीही राहतोच. पुढच्या दोन-तीन दशकांत प्लेगने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे मेली.

१८९७ चा तोच कायदा मार्च २०२० मध्ये करोनासाठी पुन्हा वापरला गेला. १५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईच्या लोकलमध्ये दोन मात्रा घेतलेल्या प्रवाशांनाच मुभा मिळाली, म्हणजे दाखला पुन्हा आला. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की कोणालाही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही. सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार बंधने घालू शकते, पण ती प्रमाणात हवीत. लस न घेतलेल्यांकडून रोग अधिक पसरतो असे दाखवणारी आकडेवारी न्यायालयापुढे आलेली नव्हती, म्हणून त्यांच्यावरची बंधने त्या वेळी प्रमाणात आहेत असे न्यायालयाला वाटले नाही. करोनाची लस गंभीर आजारापासून चांगले रक्षण करीत होती. प्रसार रोखण्याची तिची शक्ती मात्र मर्यादित होती आणि काळाबरोबर कमी होत होती. उंडेऱ्याच्या हिशेबात आणि या निकालात काय नाते आहे ते तुमच्या ध्यानात आलेच असेल.

आता एक हिशेब तुमच्यासाठी. एका गावात १००० माणसे आहेत. ९०० जणांनी लस घेतली, १०० जणांनी नाही. साथीत ३० जण इस्पितळात गेले. त्यांपैकी १८ लस घेतलेले आणि १२ न घेतलेले. पारावरचा एक गृहस्थ म्हणतो, “निम्म्याहून जास्त रोगी लस घेतलेलेच आहेत, मग लशीचा उपयोग काय?” दोन्ही गटांचे शेकडा प्रमाण काढा आणि त्याला उत्तर द्या. त्यानंतर तो विचारील, “बरे, गुण आहे हे मान्य, मग मला सक्ती करणार का?” हे उत्तर देण्यापूर्वी त्या रोगाबद्दल आणखी कोणती माहिती तुम्हांला लागेल, तिची यादी करा.