घुशीला ड्रॉइंग कोण शिकवतं?

फर्स्ट इयरला एक सेक्शनल व्ह्यू काढायला आपली अख्खी रात्र जाते, तरी सकाळी शीट परत येते ती येतेच! आणि इकडे आमच्या बांधीच्या धुऱ्यात घूस कुणालाही न विचारता तळघर बांधून मोकळी होते. बिळाला दोन-चार तोंडं, तोंडाशी मातीचा ढीग, आत झोपायची जागा वेगळी आणि धानाच्या लोंबा साठवायचं कोठार वेगळं. धुरा पोखरला की बांधीतलं पाणीही रातोरात खाली उतरतं. गोंदिया जिल्ह्यात ज्याच्या घरी धान आहे त्याला हे सांगायला नको.

आमची आजी म्हणते, "ते पोटातूनच शिकून येते." आजीचं म्हणणं कितपत खरं, याची परीक्षा अमेरिकेत झाली. घुशीवर नव्हे, तिथल्या दोन जातींच्या रानउंदरांवर. एक जात लांब बोगदा खोदते आणि घरट्यामागून पळून जायला चोरवाटही ठेवते. दुसरीचं बीळ आखूड, चोरवाट नाही. हार्वर्डच्या होपी हुकस्ट्रा आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी या दोघांचा संकर केला, पिलांना वाळूच्या मोठ्या पेटीत सोडलं आणि बिळात फोम ओतून चक्क साचे काढले. (आपलं वर्कशॉप आठवलं ना?)

पहिल्या पिढीची सगळी पिलं लांब बोगदेवाली निघाली. त्यांचा आखूडवाल्यांशी पुन्हा संकर केला तेव्हा मात्र गंमत झाली. कुणाचा बोगदा लांब पण चोरवाट नाही, तर कुणाची चोरवाट आहे पण बोगदा आखूड. म्हणजे अख्खा प्लॅन एका जीनमध्ये नसतो, त्याचे सुटे भाग असतात. 2013 साली छापलेल्या या अभ्यासात बोगद्याच्या लांबीसाठी जनुकसंचातल्या तीन जागा सापडल्या, चोरवाटेसाठी एक. पुढे 2017 मध्ये एका जातीची पिलं दुसऱ्या जातीच्या आईकडे वाढवून पाहिली. खोदकाम जन्मदात्यांसारखंच!

आता जीन काही फावडं घेऊन खोदत नाही. जीनवरून प्रथिनं बनतात, त्यांवरून मेंदूतल्या पेशींची जोडणी ठरते, आणि खोदतो तो त्या मेंदूच्या हुकमाने उंदीर. पण मेंदू जन्माची शिदोरी घेऊन गप्प बसत नाही, तो शिकतोही. तिथेच आमचे काका फसले.

एका वर्षी काकांनी पहिल्याच रात्री झिंक फॉस्फाइड लावलेले तांदूळ बिळाशी ठेवले. रानातल्या उंदराला नव्या वस्तूची भीती जन्मजातच असते. प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढलेल्या पांढऱ्या उंदरात ती बरीच कमी झालेली आहे. रानातला उंदीर नवं खाणं आधी जरासंच कुरतडून बघतो. उंदराला उलटी होत नाही, म्हणून ही सावधगिरीच त्याचं औषध. पोटात मळमळलं की मेंदूतल्या ॲमिग्डला आणि इन्सुला या भागांत त्या चवीची आणि त्रासाची गाठ बसते, तीही एकाच अनुभवात. काकांच्या घुशी वाचल्या आणि पुन्हा त्या तांदळाकडे फिरकल्या नाहीत.

पुढच्या वर्षी काकांनी संध्याकाळी सगळी बिळं बुजवली. सकाळी जी उकरलेली दिसली तेवढ्यांपाशीच दोन-तीन दिवस तेल लावलेले साधे तांदूळ ठेवले. घुशींची भीड चेपली, मग औषध. शेजारच्या बांधीवाल्यांनीही त्याच रात्री ठेवलं, नाहीतर तिकडच्या घुशी इकडे यायला किती वेळ?

हॉस्टेलच्या रूममध्ये मात्र हे औषध कुणी आणू नका. ओलाव्याने त्यातून विषारी वायू सुटतो. रूमला पिंजराच बरा. फक्त पहिल्या दोन-तीन रात्री आत भजं ठेवून दार बांधून उघडंच ठेवा. नवा पिंजरा दिसला की उंदीर सहसा लांबूनच जातो, आणि आपण मात्र पिंजऱ्यालाच नावं ठेवतो.