सिंगल फेज पंपाचा कंडेन्सर : तपासणी आणि बदल



रोपवाटिका, परसबाग, गोठा किंवा लहान विहीर यांसाठी अर्धा ते दोन अश्वशक्तीचे सिंगल फेज पंप आता खेडोपाडी वापरात आहेत. ऐन उन्हाळ्यात एखाद्या सकाळी असा पंप नुसताच घूं घूं आवाज करतो आणि पाणी वर येत नाही. मोटार जळाली असे समजून आपण पंप विहिरीतून वर काढतो व तालुक्याच्या गावी वायंडिंगच्या दुकानात नेतो. तेथे नंबर लागेपर्यंत पीक पाण्यावाचून राहते. उन्हाळी भुईमुगाला आऱ्या सुटताना किंवा शेंगा भरताना असा ताण पडला, तर नंतर कितीही पाणी दिले तरी उत्पादनातील घट भरून निघत नाही.

वास्तविक अशा वेळी दोष पुष्कळदा विहिरीतील मोटारीत नसून वरच्या पेटीतील कंडेन्सरमध्ये असतो. तो बदलण्याचा खर्च मोटार पुन्हा भरून घेण्याच्या मानाने अगदी थोडा आहे. म्हणून पंप वर काढण्यापूर्वी कंडेन्सर तपासावा. मात्र हे काम करताना एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. वीज बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये वीज साठून राहू शकते.

कंडेन्सरचे काम

जात्याचा खुंटा सरळ मध्याकडे ढकलला तर जाते फिरत नाही, त्याला बाजूने ओढ द्यावी लागते. सिंगल फेज मोटारीचेही असेच आहे. मुख्य वायंडिंगमुळे तयार होणारे चुंबकीय क्षेत्र एकाच रेषेत मागे-पुढे होते, ते फिरत नाही. त्यामुळे थांबलेला रोटर आपण होऊन फिरू लागत नाही. म्हणून मोटारीत दुसरे वायंडिंग देऊन त्याच्याशी कंडेन्सर जोडतात. कंडेन्सरमुळे या वायंडिंगमधील प्रवाह मुख्य प्रवाहाच्या पुढे जातो आणि रोटरला बाजूची ओढ मिळते. घरातील छताच्या पंख्याचा कंडेन्सर कमकुवत झाला की पंखा मंद फिरतो, त्याचे कारणही हेच.

पंपाच्या कंडेन्सरचे दोन प्रकार आहेत. स्टार्टिंग कंडेन्सर फक्त मोटार सुरू होताना काही सेकंद काम करतो. त्यानंतर सेंट्रिफ्युगल स्विच किंवा रिले त्याला वेगळा करतो. रनिंग कंडेन्सर पंप चालू असेपर्यंत काम करीत राहतो. काही पेट्यांत दोन्ही असतात. एकाच्या जागी दुसरा कधीही लावू नये.

दोष कसा ओळखावा

१) मोटार घूं घूं करते पण फिरत नाही आणि थोड्या वेळाने ओव्हरलोड पडतो.

२) मोटार सुरू होते, पण पाणी कमी येते, अँपियर जास्त दाखवते व मोटार तापते. रनिंग कंडेन्सरची क्षमता घटल्याचे हे लक्षण असू शकते.

३) कंडेन्सर फुगलेला, तडकलेला किंवा तेल गळलेला दिसतो, अथवा त्याचे लग जळून काळे पडलेले असतात.

मोटार फिरत नसेल तर बटण तत्काळ बंद करावे. 'आता चालू होईल' या आशेने ते पुन्हा पुन्हा दाबू नये. थांबलेल्या मोटारीतून नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह वाहतो. त्यामुळे केवळ कंडेन्सरचा असलेला दोष वायंडिंगपर्यंत जातो आणि मोटार खरोखरच जळते.

कंडेन्सरला दोष देण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे व्होल्टेज. मोटारीचा फिरण्याचा जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटतो. २३० ऐवजी १८४ व्होल्ट मिळाले, म्हणजे ८० टक्के, तर जोर ६४ टक्केच उरतो. दुसरी म्हणजे अडकलेला पंप. जमिनीवरील मोनोब्लॉक पंपाचा दांडा वीज पूर्ण बंद करून हाताने फिरवून पाहावा. तो फिरत नसेल तर दोष बेअरिंगचा किंवा गाळाचा आहे.

काम सुरू करण्यापूर्वी

वीज गेलेली आहे म्हणून पेटी उघडू नये. गेलेली वीज कोणत्याही क्षणी येते, आणि ऑटो स्विच बसविलेला असेल तर मोटार आपोआप सुरू होते. प्रथम ऑटो स्विच बंद करावा. नंतर फेज व न्यूट्रल दोन्ही तोडणारा मेन स्विच बंद करावा आणि फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवावेत. पायात कोरडी रबरी पादत्राणे असावीत व कोरड्या फळीवर उभे राहावे. ओल्या हातांनी किंवा एकट्याने हे काम करू नये. मीटर, सर्व्हिस वायर, खांब व रोहित्र यांना हात लावू नये. ते काम वीज कंपनीच्या कर्मचाऱ्यांचेच आहे.

साठलेली वीज उतरविणे

२३० व्होल्टच्या पुरवठ्यात व्होल्टेज क्षणोक्षणी बदलते व शिखरावर सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत पोचते. मोटार बंद होताना कंडेन्सर भरलेला असेल, तर त्याच्या दोन टोकांमध्ये एवढा किंवा याहूनही अधिक दाब शिल्लक राहू शकतो. येथे टेस्टरवर विसंबू नये. टेस्टर पेटला नाही म्हणजे कंडेन्सर रिकामा आहे असे नव्हे, कारण ही वीज जमिनीशी नसून त्याच्या दोन टोकांमध्ये असते. याच कारणाने अर्थ लीकेज ब्रेकरही अशा धक्क्यापासून वाचवीत नाही.

जुन्या पद्धतीचा तारेचा ६० किंवा १०० वॅटचा बल्ब होल्डरमध्ये बसवावा. त्याच्या दोन्ही वायरींची फक्त टोके उघडी ठेवावीत. बल्ब चालू असल्याची खात्री अगोदरच घरी करून घ्यावी. एल.ई.डी. बल्ब या कामी चालत नाही. वायरींची दोन टोके कंडेन्सरच्या दोन टोकांना अर्धा मिनिट लावून धरावीत व हीच क्रिया पुन्हा एकदा करावी. नंतर मल्टिमीटर डी.सी. व्होल्टवर ठेवून दाब शून्यावर आल्याची खात्री करावी. पेटीत दोन कंडेन्सर असल्यास दोन्ही असेच रिकामे करावेत. स्क्रू ड्रायव्हर आडवा लावून ठिणगी पाडण्याची रीत टाळावी. तिने डोळ्यांना व हातांना इजा होते आणि कंडेन्सरही खराब होतो.

तपासणी व निवड

कंडेन्सरवर त्याची क्षमता मायक्रोफॅरडमध्ये आणि दाब व्होल्टमध्ये छापलेला असतो. उदाहरणार्थ, '३६ मायक्रोफॅरड, अधिक-उणे ५ टक्के, ४४० व्होल्ट'. वायरी सोडवून क्षमता मोजण्याची सोय असलेल्या मल्टिमीटरने तो तपासावा. या कंडेन्सरचे वाचन ३४.२ ते ३७.८ च्या दरम्यान यावे. ते बरेच खाली आल्यास कंडेन्सर बदलावा. मल्टिमीटर नसल्यास कंडेन्सर दुकानात नेऊन तपासून घ्यावा.

नवा कंडेन्सर त्याच प्रकारचा व तेवढ्याच मायक्रोफॅरडचा घ्यावा. त्याचे व्होल्ट जुन्याइतके किंवा अधिक असावेत, कमी कदापि नसावेत. चालू मोटारीत कंडेन्सरवरील दाब पुरवठ्याच्या २३० व्होल्टपेक्षा जास्त असतो, म्हणून त्यावर ४४० हा आकडा असतो. मोठा कंडेन्सर लावला की पंप जास्त पाणी देतो, हा समज चुकीचा आहे. त्यामुळे दुसऱ्या वायंडिंगमधील प्रवाह वाढून ते तापते. खरेदी करताना आय.एस. २९९३ हे मानक लिहिलेले आहे का ते पाहावे.

बदलण्याची रीत

१) जुन्या जोडणीची आकृती कागदावर काढावी व प्रत्येक वायरला चिकटपट्टीची खूण करावी. वायरी बदलल्यास मोटार उलटी फिरते, किंवा चुकीच्या वायंडिंगवर भार येऊन ती तापते.

२) एका वेळी एकच वायर काढून नव्या कंडेन्सरच्या त्याच टोकाला जोडावी. जळालेला लग कापून नवा घट्ट बसवावा.

३) कंडेन्सर पट्टीने पक्का बांधावा. उघडे टोक पेटीच्या पत्र्याला लागणार नाही याची काळजी घ्यावी.

४) पेटी बंद करूनच फ्यूज बसवावेत व पंप सुरू करावा. पहिली पाच मिनिटे अँपियर पाहावेत. ते मोटारीच्या पाटीवरील आकड्याच्या वर जाऊ नयेत.

नवा कंडेन्सर लावूनही मोटार फिरली नाही, किंवा फ्यूज लगेच उडाला, तर तेथेच थांबावे व परवानाधारक वायरमनला बोलवावे.

थ्री फेज पंपाबाबत

थ्री फेज पंपाजवळचा कंडेन्सर मोटार सुरू करण्यासाठी नसतो. तो पॉवर फॅक्टर सुधारण्यासाठी असतो. ५ अश्वशक्तीच्या पंपास साधारणतः २ किलोव्हारचा कंडेन्सर बसवितात. तो बिघडला म्हणून मोटार थांबत नाही. थ्री फेज मोटार घूं घूं करीत असेल तर बहुधा एक फेज गेलेला असतो, तेव्हा ती ताबडतोब बंद करावी. या कंडेन्सरमध्येही वीज साठते, हे विसरू नये.

पुन्हा बिघाड होऊ नये म्हणून

उष्णता हा कंडेन्सरचा मोठा शत्रू आहे. पत्र्याची पेटी उन्हात न टांगता सावलीत व पावसापासून आडोशाला बसवावी. वायरी आत जाण्याची छिद्रे बुजवावीत, म्हणजे पाली व मुंग्या आत शिरणार नाहीत. पंप थोड्या थोड्या वेळाने चालू-बंद करू नये. स्टार्टिंग कंडेन्सर वारंवार फुटत असेल तर सेंट्रिफ्युगल स्विच किंवा रिले चिकटत असल्याचा संशय घ्यावा. तो दोष काढल्याशिवाय नवा कंडेन्सर टिकणार नाही. मोटारीचे व पेटीचे अर्थिंग दर हंगामापूर्वी तपासून घ्यावे.

काम करताना कोणास विजेचा धक्का बसल्यास त्याला हात न लावता प्रथम मेन स्विच बंद करावा. तो हाताशी नसेल तर कोरड्या लाकडाने वायर दूर करावी आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

थोडक्यात, पंप वर काढण्याआधी कंडेन्सर पाहावा आणि कंडेन्सरला हात लावण्याआधी तो रिकामा करावा. आपल्या पंपाच्या कंडेन्सरचे मायक्रोफॅरड व व्होल्ट आजच पेटीच्या झाकणाच्या आतील बाजूस रंगाने लिहून ठेवावेत. उन्हाळा सुरू होण्यापूर्वी त्याच मापाचा एक कंडेन्सर घरात आणून ठेवल्यास ऐन वेळी पिकाचे पाणी तुटणार नाही.