मुरडलेल्या पंखांचे विमान

विमान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे धातूचे प्रचंड धूड उभे राहते. परंतु लाकूड आणि कापड यांच्या एका चिमुकल्या विमानाने फ्रान्समधील कितीतरी तरुणांना उड्डाणाची विद्या दिली.

दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, फ्रान्स जर्मनीच्या टाचेखाली गेला आणि तेथील हौशी वैमानिकांचे आकाश बंद झाले. १९४४ साली स्वातंत्र्य परत आले. पण युद्धाने पोळलेल्या त्या देशात स्वतःचे विमान घेणे सामान्य माणसाच्या आवाक्यात नव्हते.

द्राक्षमळ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या बोन या गावी एदुआर जोली आणि त्यांचे जावई जाँ देलेमोंते राहत. हलकी विमाने बांधणे व दुरुस्त करणे यांत दोघांचाही हात बसलेला होता. १९४६ साली त्यांनी एक संस्था काढली. जोलींचा ‘जो’ आणि देलेमोंत्यांचा ‘देल’ घेऊन तिचे नाव ठेवले ‘जोदेल’!

फावल्या वेळात त्यांनी एकाच माणसापुरते विमान बांधले. त्याचे इंजिन अवघे २५ अश्वशक्तीचे. जानेवारी १९४८ मध्ये ते आकाशात झेपावले. त्याचे लाडके नाव ‘बेबे’, म्हणजे तान्हे मूल!

या विमानाचे खरे वैशिष्ट्य त्याच्या पंखांत होते. पंखांचा मधला भाग अगदी सरळ. त्यामुळे त्याच्या साऱ्या फासळ्या एकाच मापाच्या करता येत. बांधणी सोपी झाली, खर्चही वाचला. दोन्ही टोके मात्र एकदम वर मुरडलेली. विमान एका बाजूस कलले, की ते त्या बाजूस घसरू लागते. तेव्हा खालच्या टोकाखाली हवेचा रेटा वाढतो आणि विमान पुन्हा सरळ होऊ पाहते. नवशिक्याला याहून चांगला सोबती कोणता?

सरकारी तज्ज्ञांनी विमानाची परीक्षा घेतली. ते इतके प्रसन्न झाले, की त्यांनी फ्लाइंग क्लबांसाठी दोन आसनी विमान मागितले. १९५० साली तेही उडाले. त्यात गुरू आणि शिष्य शेजारी शेजारी बसत. शिवाय नकाशे मिळवून कित्येक हौशी लोकांनी घरीच जोदेल बांधले.

पुढे देलेमोंते यांनी प्येर रोबँ यांच्या साहाय्याने नवी विमाने निर्माण केली. १९७२ साली उडालेल्या त्यांच्या चार आसनी विमानाचे पंखही लाकडी आणि टोकांशी मुरडलेलेच होते.

साधने तुटपुंजी असली तरी विचार नेटका असेल, तर विद्या थोरामोठ्यांच्या अंगणातून सर्वांच्या दारी येते. जोदेलने हेच दाखवून दिले.

स्वाध्याय
१. ‘जोदेल’ हे नाव कसे तयार झाले?
२. पंखांची टोके वर मुरडल्याने कोणता लाभ झाला?
३. ‘आवाक्यात नसणे’, ‘हात बसणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा.