मूळ म्हणजे कोणत्या दिवसाचं?

फेंडरची मस्टँग गिटार १९६४ साली आली ती शिकाऊ मुलांसाठी. माझं वाजवणं अजून त्याच इयत्तेत, म्हणून जुनी गिटार घ्यायची तर हीच, हे ठरलेलं होतं. मिळाली ती कुणीतरी काळ्या रंगानं फासलेली, वर तारांचा कंप टिपणारा एक पिकअप मुका. ती मूळ रूपात आणताना उमगलेलं थोडंसं:

१. जुनी वस्तू खोटं बोलत नाही, पण मोजकंच बोलते. व्हॉल्यूमच्या पॉटवर, म्हणजे बटणाखालच्या पोटेन्शिओमीटरवर, आकडे होते १३७६६१२. १३७ म्हणजे पॉट बनवणारी सीटीएस कंपनी, मग ६६ साल, १२वा आठवडा. जन्मतारीख सापडली म्हणून हरखावं, तर फेंडरनं त्या साली पॉटचा साठाच एवढा केलेला की तो पुढची काही वर्षं पुरला. म्हणजे कळतं ते इतकंच, की गिटार त्याआधीची नाही.

२. झीज वाचता येते. पहिल्या तीन-चार फ्रेटांवर तारांनी खळगे पाडलेले, वरचे फ्रेट जवळजवळ कोरे. आधीच्या मालकाचीही मजल सोप्या कॉर्डांपलीकडे गेली नव्हती तर! त्या अनोळखी माणसाबद्दल एकदम आपुलकी वाटली.

३. दुरुस्त आणि मूळ, दोन्ही एकदम मिळेलच असं नाही. पिकअपमधली केसाएवढी बारीक तार बाहेरच्या टोकाला तुटती तर जोडता आली असती. ती तुटली होती पार आत, चुंबकांपाशी. सगळे वेढे नव्यानं घालावे लागले. चुंबकं जुनी, तार नवी. मग पिकअप कुठला म्हणायचा? कानाला हा प्रश्न पडलाच नाही.

४. सर्वांत अवघड निघाला तो 'मूळ' रंग. काळा थर धीरानं उतरवला, तर खाली हिरवट छटा. पिकगार्ड, म्हणजे अंगावरची संरक्षक पट्टी, काढली, तिथं मात्र स्वच्छ फिकट निळा. नायट्रोसेल्युलोज लॅकर उजेडा-हवेनं पिवळं पडतं आणि निळ्याला हिरवं करतं. कारखान्याचा रंग तो निळा. पण हिरवटही काही कुणी फासलेला नव्हता. निळा नव्यानं मारला असता तर तोही काळ्यासारखा वरून दिलेलाच ठरला असता.

५. मागं कुठवर जायचं, हे शेवटी आपणच ठरवतो. मी निघालो होतो गिटार कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवसाकडे. थांबलो तिला काळं फासलं त्याच्या आदल्या दिवशी. त्याआधीची वर्षं ती कुणीतरी वाजवली होती. ती वर्षं पुसायचा हक्क मला पावतीबरोबर मिळालेला नव्हता.